कठडा वजा जाता: पुरंदरमधल्या एका गावाच्या भूजलाच्या नोंदी

१८ मे २०२२
पावसाळ्यापूर्वीचं मोजमाप. निरीक्षण विहीर शाळेच्या मागं आहे. घडीव दगडाची, गावच्या हिशोबानं आठ परस, आमच्या हिशोबानं साडेतेरा मीटर. टेपच्या टोकाला खडू चोळून खाली सोडला. खडू भिजतो तिथपर्यंत पाणी. कठड्यापासून १०.५५ मीटर. कठड्याची उंची ०.७० वजा केली की जमिनीपासून ९.८५.

पंधरा मिनिटांनी सवयीनं पुन्हा टेप सोडला तर १०.६१. पाणी डोळ्यांदेखत खाली चाललं होतं. पहाटे चारला लाईट आली तेव्हा मालकांनी मोटर लावली होती, ती अजून चालूच. आजचा आकडा रद्द. रात्रीपासून मोटर बंद ठेवा, उद्या येते, असं सांगून निघाले. ते लगेच हो म्हणाले, पण शेजारच्या बांधावरच्या आजींनी विचारलं, "टेपानं पाणी वाढतंय व्हय, मॅडम?" उत्तर द्यायला मी थांबायला हवं होतं.

१९ मे २०२२
मोटर रात्रभर बंद होती. १०.३० वजा ०.७०, म्हणजे ९.६०. हा आकडा खरा.

या विहिरीची मोजमापं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नोंदवहीत कित्येक वर्षांपासून आहेत. ही यंत्रणा १९७२च्या दुष्काळात उभी राहिली. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, राज्यभरातल्या हजारो विहिरींत असाच टेप सोडला जातो. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून उन्हाळ्यात टँकर कुठं लागतील याचा अंदाज बांधतात. एवढी वर्षं मोजूनही विहीरमालकांना आपल्या विहिरीचा आकडा माहीत नव्हता. वहीतली मागची पानं दाखवली तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "२०१८ला पोराचं लग्न होतं. तेव्हा विहीर आटलेली, ते बरोबर लिहिलंय बघा."

अटल भूजल योजनेत यापेक्षा वेगळं काय करायचं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. गावांच्या सहभागानं भूजल सांभाळायची केंद्राची सहा हजार कोटींची योजना, सात राज्यं, निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून. त्यातला मोठा वाटा काम झाल्याचं दिसल्यावरच सुटतो: आकडे लोकांपुढं मांडले का, गावानं स्वतः जलसुरक्षा आराखडा केला का, वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एकत्र आल्या का, पाणी जपून वापरायच्या पद्धती आल्या का, पातळीची घसरण थांबली का. पाचातली पहिली अट आकडे लोकांपुढं मांडायची, आणि बाकीच्या चार तिच्यावर उभ्या आहेत असं मला वाटतं.

२७ मे २०२२
शिवारफेरी. सरपंचताई, चार शेतकरी, अंगणवाडीताईंची बारावीतली मुलगी आणि मी. पहिल्या दिवशी बासष्ट विहिरी आणि एकेचाळीस बोअर मोजले. बंद बोअर मोजायचे की नाही यावर थोडी चर्चा झाली. मोजायचे ठरलं. गावानं जमिनीत किती पैसा घातला तेही कळायला हवं.

एका नव्या विहिरीत उतरायला मिळालं. वर हातभर काळी माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग सपाट काळा पाषाण. पाषाणाच्या बुडाशी वीतभर लाल थर आणि त्याखाली मांजऱ्या नावाचा खडक. पाणी कुठून येतंय ते मुलीनं आधी ओळखलं. मुरमाच्या तळाशी भिंत घामेजल्यासारखी ओली होती, आणि भेगेतून करंगळीएवढी धार. बाकी पाषाण ठणठणीत कोरडा. दख्खनच्या या खडकाच्या अंगात पाणी धरायला जागाच फार थोडी, शंभर भागांत एक ते तीन. दिवे घाट चढताना रस्त्याच्या कापात हेच थर दिसतात. पुढच्या वेळी सगळ्यांना घाटात नेऊन दाखवायचं.

११ जून २०२२
ग्रामपंचायतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि वहीत लिहायचं. हे काम अंगणवाडीताईंच्या मुलीनं मागून घेतलं. पाऊस नसेल त्या दिवशी काय लिहायचं, असं तिनं विचारलं. शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही.

२४ जून २०२२
पालखी सासवडला. रस्ते बंद. गावातले निम्मे लोक वारकऱ्यांना पाणी द्यायला गेले. वहीत अजून शून्यं.

१९ ऑक्टोबर २०२२
पातळी २.३०. विहीर काठोकाठ भरल्यासारखी वाटते. उशिरा सुरू झालेला पाऊस जुलैत भरून निघाला आणि परतीच्या पावसानं कऱ्हा दुथडी वाहिली. वहीतली बेरीज ६४० मिलिमीटर. १३१ दिवसांत मुलीनं एकही रकाना मोकळा सोडलेला नाही.

७ नोव्हेंबर २०२२
गावच्या पाण्याचा ताळेबंद. समाजमंदिरात सतरंजीवर बसून केला, खडू-फळ्यानं. सूत्र सोपं ठेवलं: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजेच दहा घनमीटर. गावचं क्षेत्र ९०० हेक्टर. ९०० गुणिले १० गुणिले ६४०, म्हणजे ५७ लाख ६० हजार घनमीटर. हजार घनमीटरला आम्ही एक टीसीएम म्हणतो, म्हणजे ५,७६० टीसीएम.

आकडा ऐकून सगळे खूश झाले. मग पुढचं सांगितलं. यातलं बरंचसं वाहून जातं, ऊन आणि पिकं उरलेल्यातलं बरंच घेतात, आणि आपल्या खडकात साधारण दहावा हिस्सा मुरतो. ५७६. नालाबांध आणि पाझर तलावाचे ४० धरून जमा ६१६.

खर्चाची बाजू. दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला ४० टीसीएम. हजार जनावरं, रोज सत्तर लिटर: २५. पिकांचा हिशोब गल्लीगल्लीनं लिहून घेतला. कांदा, वाटाणा, ज्वारी, अंजीर, सीताफळ, थोडा ऊस, गवार, टोमॅटो. सगळे मिळून ६९०.

६१६ जमा, ७५५ खर्च. पावसाच्या इतक्या चांगल्या वर्षातसुद्धा १३९ची तूट.

समाजमंदिर शांत झालं. एक आजोबा म्हणाले, "म्हंजे दरसाल आपण उसनं आणतोय. कुणाकडनं?" खोल बोअरमधून, आणि फेब्रुवारीनंतर वाळून जाणाऱ्या पिकांतून. हे बोलताना मला अवघड गेलं. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या रानात एकदा तरी पीक जळालेलं आहे.

९ नोव्हेंबर २०२२
विशेष ग्रामसभा. तुटीचा आकडा सरपंचताईंनी स्वतः वाचला. मग एका तरुणानं विचारलं, सगळ्यात जास्त पाणी कशाला लागतं. मी फळ्यावर लिहिलं: पाटपाण्यावर एक हेक्टर उसाला वर्षाला वीस टीसीएमच्या वर. म्हणजे दोन हेक्टर, पाच एकर ऊस जेवढं पाणी घेतो, तेवढ्यात अख्खं गाव वर्षभर पाणी पितं.

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. गावात पाच एकर ऊस त्यांचाच. आबा उठून गेले.

गणित बरोबर होतं, पण ते मी मांडलं कसं? एका माणसाला गावापुढं उभं केलं. आबांनी ऊस लावला तेव्हा कुणी त्यांना पाण्याचा हिशोब दाखवला नव्हता. कारखाना ऊस नेतो, पैसे ठरलेले येतात, आणि कांद्याचा भाव कधी कोसळेल याचा नेम नाही. हे सगळं फळ्यावर आलं नाही, यायला हवं होतं.

१० नोव्हेंबर २०२२
आबांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला. आबा आधी बोलले नाहीत, मग एकदम नायगावची गोष्ट काढली. हे गाव याच तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं मिळायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं मिळायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. पाणी जास्त खाणारा ऊस लावायचा नाही. आबा तेव्हा विशीत होते, सायकलवरून बघायला गेले होते. "आमच्या वडलांना पटलं नाय," म्हणाले. "ते म्हणायचे, ज्याची जमीन त्याचं पाणी."

उठताना त्यांनी ठिबकाचं अनुदान विचारलं. अल्पभूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर, सोडतीतून निवड. अर्ज मी तिथंच मोबाईलवर भरून दिला. सातबारा आणि आधार जोडताना दोनदा नेट गेलं.

१८ जानेवारी २०२३
पातळी ४.६०. आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला. मुलीनं विहिरीचं उभं चित्र काढून त्यात निळी पट्टी भरली आहे. लोक दुधाला जाताना थांबून बघतात. साडेचार मीटरला विहीर, मग आपल्या खालच्या रानात किती असेल, असं एकमेकांना विचारतात. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात जमलं नव्हतं.

आबांचा अर्ज सोडतीत लागला. पूर्वसंमती आली. पाच एकरांपैकी तीन ठिबकावर, दोन पाटपाण्यावरच. त्यांचा निर्णय.

१४ मार्च २०२३
रात्री अकराला फोन आला. वरच्या वाडीत बोअरची गाडी आली आहे. पोचले तेव्हा दीड वाजला होता. दिव्यांच्या झोतात पांढरी धूळ उडत होती, कॉम्प्रेसरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. ज्याचं रान तो तिशीतला, वडील नाहीत, दोन बहिणींची लग्नं व्हायची आहेत. अंजिराचा मीठा बहार झाडावर होता आणि विहीर तळाला गेली होती. जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा राहिलेली जागा दाखवली होती.

मी त्याला बाजूला घेतलं. २००९च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरच्या खाली बोअर घ्यायला मनाई आहे हे सांगितलं. पण त्याहून जास्त सांगितलं ते खडकाबद्दल. दोनशे फुटांच्या खाली इथं बहुतेक ठिकाणी अखंड पाषाण आहे, पाणी लागलंच तर ते कुणाच्या तरी जुन्या भेगेतलं, आणि एका उन्हाळ्यात संपेल. तो ऐकत होता. डोळे झोतावर. "मॅडम, झाडावर फळ आहे," एवढंच म्हणाला.

तीनशे ऐंशी फुटांवर गाडी थांबली. धूळ कोरडीच आली, शेवटपर्यंत. त्याच्या आईचं सोनं गहाण होतं.

मी रात्री तिथं असूनही काही उपयोग झाला नाही. बोअरची गाडी गावात येण्याआधी कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं होतं. वाडीत आमची एकही बैठक झालेली नव्हती. सगळ्या बैठका मूळ गावात, संध्याकाळी सातला, जेव्हा वाडीतले लोक जनावरांच्या मागं असतात.

१६ मार्च २०२३
वाडीत बैठक, सकाळी दहाला, लिंबाखाली. पाणाड्याही आला. वयस्कर, शांत माणूस. त्यानं सांगितलं, तो झाडोरा बघतो, उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, सकाळी दव कुठं जास्त धरतं. मी म्हटलं, हे मीही बघते. पंचेचाळीस मिनिटं आम्ही दोघं नकाशावर बोललो. शेवटी त्यानं एक जागा दाखवली, नाल्याच्या वळणावर, जिथं मुरूम खोल आहे. माझ्या नकाशातही तीच. तिथं वाडीची सामाईक विहीर घ्यायची आणि नालाबांधातला गाळ काढायचा, असं आराखड्यात लिहिलं.

१२ मे २०२३
पातळी ९.१०. गेल्या मेपेक्षा अर्धा मीटर वर. एका वर्षाच्या फरकावरून काही ठरवायचं नाही. पाऊस जास्त होता, एवढंच त्यातून नक्की कळतं.

नालाबांधातला गाळ निघाला. वाहतूक शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं केली, पहिला ट्रॅक्टर वाडीतल्या त्या मुलाचा. गाळ त्यानं अंजिराच्या आळ्यांत भरला. विहीर पुनर्भरणाचे सात खड्डे पूर्ण: खाली मोठे दगड, वर गिट्टी, वर वाळू, मग पाइप विहिरीत. खताच्या उकिरड्याजवळचा एक खड्डा बुजवायला लावला. घाण पाणी विहिरीत गेलं तर ते काढायला वर्षं जातात.

ठिबकाच्या अनुदानाचे पैसे मात्र दहापैकी चौघांचेच आले. लोकांनी पदरचे घालून पाइप बसवले आहेत. मी दर आठवड्याला फोन करते. काम लोकांनी वेळेत केलं, पैसा वेळेत यायला हवा. याबाबत माझं मत पक्कं आहे: शासनाचं उद्दिष्ट शेतकऱ्याच्या उधारीवर पूर्ण व्हायला नको.

३१ ऑगस्ट २०२३
वहीत एकतीस रकाने, पंचवीस शून्यं. देशभरातच १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. वाटाणा फुलात असताना गेला. मुलगी आता सासवडला कॉलेजला जाते, एसटी पावणेनऊला. साडेआठचं मोजमाप करून धावत जाते.

१६ ऑक्टोबर २०२३
पातळी ६.७५. पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा बरीच खाली. पाऊस ३१० मिलिमीटर.

१९ ऑक्टोबर २०२३
या वेळचा ताळेबंद मी मांडला नाही. खडू सरपंचताईंच्या हातात होता, गुणाकार मुलीनं केला. ९०० गुणिले १० गुणिले ३१०, दहावा हिस्सा २७९. नालाबांधाचे १२ धरून २९१. त्यातून माणसं आणि जनावरांचे ६५ आधी बाजूला काढले. उरले २२६. गेल्या साली पिकांनी ६९० घेतले होते.

बैठक चार तास चालली. ठरलं ते असं. उन्हाळी पीक कुणी घ्यायचं नाही. रब्बीला ज्वारी-हरभरा, तोही एका पाण्यावर येईल तेवढाच. अंजीर आणि सीताफळाच्या बागा जगवायच्या, कारण झाड मेलं तर परत उभं करायला वर्षं लागतात. अंजिराला फक्त एक बहार धरायचा. पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर नाही, हे कायद्यातही आहे. पण गावानं त्याच्या पुढं जाऊन तिथल्या चार जुन्या विहिरींचा उपसा एक जानेवारीपासून बंद करायचं ठरवलं. त्यातली एक विहीर सरपंचताईंच्या दिरांची. ते म्हणाले, मला चाऱ्याची सोय करून द्या, मोटर मी स्वतः काढतो. दोघा-तिघांनी चारा द्यायचं कबूल केलं.

आबांनी बैठकीतच सांगितलं, खोडवा राखणार नाही. दोन एकर पाटपाण्याचा ऊस तुटला की रान मोकळं. ठिबकावरचा तीन एकर राहील. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि ते बरंच झालं.

वाडीतला मुलगा मागं उभा होता. त्यानं एक प्रश्न विचारला, सामाईक विहिरीला पाणी लागलं तर वाटप कसं. आबा म्हणाले, "नायगावासारखं. माणशी." यावर एकमत झालेलं नाही. पुढच्या बैठकीत घ्यायचं.

२ नोव्हेंबर २०२३
राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, यादीत पुरंदर आहे. गावात विशेष खळबळ नाही, ताळेबंद भिंतीवर दोन आठवड्यांपासून लिहिलेला आहे.

१७ जानेवारी २०२४
पातळी ८.४०. ठरल्याप्रमाणे चारपैकी तीन मोटरी बंद. चौथ्यानं रात्री चालू केली होती. सरपंचताई आणि महिला मंडळातल्या दोघी त्याच्या घरी गेल्या. त्याच्या घरात बाळंतीण आहे, गायीचं दूध हवं, चारा हवा. बंदी मोडली म्हणून दंड करायचा का, यावर वाद झाला. शेवटी चारा पोचवायचं ठरलं आणि मोटर बंद झाली. दंडाचा नियम मी सुचवला होता. ते माझं चुकलं.

१५ मे २०२४
सकाळी सव्वासातला पोचले. मुलगी आधीच कठड्याशी होती. मोटर रात्रभर बंद आहे का, हे तिनं मालकांना विचारून घेतलेलं. टेप तिनं सोडला, खडू तिनं चोळला. दोनदा मोजलं, पंधरा मिनिटांच्या अंतरानं. दोन्ही वेळा ११.९०. कठडा वजा जाता ११.२०.

वरच्या वाडीला मार्चअखेरपासून टँकर सुरू आहे. सामाईक विहिरीचं काम पाच मीटरवर अडलं आहे. मूळ गावाच्या पिण्याच्या विहिरीत आज अडीच मीटर पाणी, एक दिवसाआड नळ सोडतात, टँकर लागलेला नाही. अंजिराच्या बागांपैकी बहुतेक हिरव्या, वाडीतल्या मुलाची जवळजवळ चाळीस झाडं गेली.

पुढची कामं: वाडीची विहीर पावसाआधी मुरमाच्या तळापर्यंत न्यायची. उरलेल्या सहा जणांचं ठिबक अनुदान. पाणीवाटपाची बैठक, वाडीत, सकाळी दहाला. पर्जन्यमापकाचं नरसाळं आतून गंजलं आहे, ते एक जूनच्या आत बदलायचं. मुलीनं त्याचं माप घेऊन ठेवलं आहे.